तेरा की पंधरा?

२०१२ सालच्या मे महिन्यात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एक छोटी बातमी दिली. कंट्री संगीतातली थोर गायिका लोरेटा लिन आयुष्यभर आपलं वय कमी सांगत आली, असं त्या बातमीचं सार. केंटकीच्या सरकारी दप्तरात तिच्या जन्माचे आणि लग्नाचे कागद सापडले होते. जन्म १४ एप्रिल १९३२. लग्न १० जानेवारी १९४८. म्हणजे जगाला सांगितलं होतं तसं तिचं लग्न तेराव्या वर्षी झालं नव्हतं. तेव्हा ती पंधरा वर्षं नऊ महिन्यांची होती.

बातमीवर लोक हसले. बायका वय चोरतात, त्यातून गायिका, मग काय विचारता, अशा धर्तीचं ते हसणं. पण त्या हसण्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि तुम्ही ती बातमी तेव्हा वाचली असेल तर तुमच्याही मनात ती येऊन गेली असेल: हुश्श. तेरा नव्हती तर. पंधराच होती.

मला त्या ‘पंधराच’मधल्या ‘च’बद्दल बोलायचं आहे. पंधरा वर्षांची मुलगी आपल्या घरांत, एडिसनला असो, फ्रीमाँटला असो की नेपरव्हिलला, नववी-दहावीत असते. गाडी शिकायचा परवाना हातात यायचा असतो किंवा नुकता आलेला असतो. दातांची तार निघाली म्हणून ती आरशासमोरून हलत नसते. त्या वयाच्या मुलीचं, सैन्यातून परतलेल्या एकवीस वर्षांच्या पुरुषाशी, ओळख झाल्यापासून महिन्याभरात लग्न लागतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिलं मूल होतं. विसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत पदरात चार मुलं. यात ‘च’ बसवायला जागा कुठे आहे?

तरीही आपण तो बसवतो, आणि तसं करायला एका उत्तम सिनेमाने आपल्याला शिकवलं आहे.

‘कोल मायनर्स डॉटर’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, निदान नाव ऐकलं असेल. लोरेटाने न्यूयॉर्क टाइम्सचे जॉर्ज व्हेक्सी यांच्या मदतीने लिहिलेलं याच नावाचं आत्मचरित्र १९७६ साली आलं, आणि त्यावरचा मायकेल ॲप्टेडचा सिनेमा १९८० साली. सात ऑस्कर नामांकनं, सिसी स्पेसेकला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर. २०१९ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याच्या चित्रपटांच्या यादीत त्याला घेतलं. पूर्व केंटकीतल्या बुचर हॉलो या खोऱ्यातली खाणकामगाराची मुलगी लग्न करते, नवऱ्याबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात जाते, मुलं वाढवता वाढवता गाऊ लागते, नवऱ्याने आणून दिलेल्या स्वस्तातल्या गिटारवर गाणी रचते आणि नॅशव्हिलची राणी होते. स्पेसेकने सगळी गाणी स्वतः गायली आहेत. सिनेमा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. वाईट सिनेमाने इतकं नुकसान केलं नसतं.

पहिला मुद्दा अगदी साधा, डोळ्यांचा आहे. सिसी स्पेसेकचा जन्म १९४९ चा. चित्रीकरणाच्या वेळी ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. नवरा डूलिटल झालेला टॉमी ली जोन्स तिच्याहून तीनेक वर्षांनी मोठा. म्हणजे पडद्यावर आपल्याला दिसतात दोन समवयस्क, देखणी, प्रौढ माणसं. ती अंग आखडून बसते, डोळे मोठे करते, वेणी घालते आणि आपण मान्य करतो की ही तेरा-चौदाची. बुद्धीने मान्य करतो, डोळे मात्र करत नाहीत. डोळ्यांना प्रेमकथाच दिसत राहते. लग्नाच्या रात्रीची तिची भीती सिनेमाने लपवलेली नाही, उलट तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो. पण ती भीती आपल्याला एका भाबड्या तरुणीची वाटते, मुलीची वाटत नाही. पुढची भांडणं तर चक्क विनोदी झाली आहेत. तिला स्वयंपाक येत नाही, घर सांभाळता येत नाही, आणि प्रेक्षागृह हसतं. पंधरा वर्षांच्या मुलीला घर सांभाळता येत नाही यात हसण्यासारखं काय आहे?

खऱ्या बालकलाकाराला घेऊन ते प्रसंग चित्रित करायला हवे होते असं मी म्हणत नाही. तो दुसराच गुन्हा झाला असता. कॅमेरा दाराबाहेर थांबू शकला असता, सुरुवातीच्या भागासाठी वेगळी मुलगी निवडता आली असती, हे सगळं बोलायला सोपं आहे. मला नवल वाटतं ते दिग्दर्शक कोण होता याचं. हाच मायकेल ॲप्टेड इंग्लंडमध्ये ‘अप’ मालिका करत होता. १९६४ साली सात वर्षांच्या असलेल्या मुलामुलींना दर सात वर्षांनी पुन्हा भेटायचं, जन्माच्या वर्गाने त्यांच्या आयुष्याचं काय केलं ते पाहायचं, असा तो उद्योग त्याने जवळजवळ मरेपर्यंत केला. सात, चौदा, एकवीस ही वयं एकमेकांपासून किती दूर असतात हे या माणसाइतकं कुणी पाहिलं नव्हतं. तोच केंटकीत आला आणि चौदा आणि एकवीस एकाच चेहऱ्यात घालून मोकळा झाला.

बापाच्या बाबतीत मात्र ॲप्टेडचा डोळा अचूक लागला आहे. लोरेटाचा बाप टेड वेब झाला आहे ‘द बँड’चा ढोलवादक लेव्हॉन हेल्म. त्याचा हा पहिलाच सिनेमा. आई झालेली फिलिस बॉयन्स खऱ्या आयुष्यातही खाणकामगाराची मुलगी. हे दोघं पडद्यावर आले की बाकीचे सगळे नट वाटू लागतात. हेल्मचा टेड कमी बोलतो. मुलीवर त्याचा जीव आहे, हे सांगायला त्याला एकही वाक्य लागत नाही. डूलिटल मागणी घालायला येतो तेव्हा तो आधी टाळतो, मग हतबल होतो, आणि शेवटी दोन वचनं मागून घेतो: मारायचं नाही, आणि तिला घरापासून लांब न्यायचं नाही. डूलिटल दोन्ही वचनं देतो आणि दोन्ही मोडतो.

हा प्रसंग मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा बापाची दया आली. तिसऱ्यांदा लक्षात आलं की तो वाटाघाट करतोय. मुलगी द्यायची की नाही हा प्रश्न मागे पडलेला आहे, आता फक्त अटी ठरताहेत. आणि अटी मोडल्या तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

मुलांकडे दुर्लक्ष म्हटलं की आपल्यासमोर दारुडा, निर्दय बाप उभा राहतो. लोरेटाच्या पुस्तकाची ताकद अशी की ते हे चित्र पुसून टाकतं. टेड वेब रात्रपाळी करून येतो, कोळशाच्या धुळीने त्याची छाती भरत जाते, आणि तो १९५९ साली वयाच्या बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी मरतो. घरात आठ मुलं. भिंतींना वारा अडवायला कॅटलॉगची आणि मासिकांची पानं चिकटवलेली. त्यातल्याच एका चित्रातली नटी लोरेटा यंग, म्हणून मुलीचं नाव लोरेटा. ती दुसरी, मुलींत थोरली. आपल्याकडे अशा मुलीला अर्धी आई म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. धाकट्या भावंडांना झोके देत, गात, निजवत ती वाढली. शाळा आठवीच्या पुढे गेली नाही. या घरात कुणी कुणाशी दुष्टपणे वागत नाही, आणि तरी या मुलीची काळजी घ्यायला कुणी मोकळं नाही, कारण मोकळा वेळ ज्या एकीकडे होता ती काळजी घेणारी हीच मुलगी होती. लग्न म्हणजे काय, शरीराने काय होतं, हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे.

आता तो ‘दुर्गम’ हा शब्द. सिनेमा सुरू होतो तेव्हा धुकं आहे, डोंगर आहेत, चिखल आहे, आणि डूलिटलची जीप खाणीच्या ढिगाऱ्यावर चढते आहे. आपल्याला सांगितलं जातं की हे जग जगापासून तुटलेलं आहे, म्हणून इथे असं होतं. जणू बालविवाह हा हवामानाचा परिणाम. पण पुस्तक नीट वाचा. टेड वेब व्हॅन लिअरच्या खाणीत काम करत होता. व्हॅन लिअर हे कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवलेलं गाव. त्या खोऱ्यातून कोळसा रोज रेल्वेने बाहेर जात होता. सिअर्स रोबकचा कॅटलॉग टपालाने आत येत होता. बॅटरीवरच्या रेडिओतून शनिवारी रात्री नॅशव्हिलची ‘ग्रँड ओल ऑप्री’ थेट त्या घरात ऐकू येत होती. माणसं सैन्यात भरती होऊन युरोपात लढून परत येत होती, डूलिटल त्यांच्यातलाच. मग ते खोरं तुटलेलं होतं ते नेमकं कशापासून? कोळसा, कर्ज, जाहिरात, गाणं, युद्ध या सगळ्यांना तिथला रस्ता माहीत होता. आठवीच्या पुढचं शिक्षण, मुलीची विचारपूस करायला येणारी परिचारिका, ‘हिचं वय काय?’ असं विचारून दप्तर मिटणारा अधिकारी, यांना तो सापडत नव्हता.

हे वाचताना तुम्हाला बीड आठवलं नसेल तर नवल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांकडे निघणारी कुटुंबं, मुकादमाने दिलेली उचल, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मागे गावात राहिलेली बारा-चौदा वर्षांची पोर ही जबाबदारी, आणि तिचं लग्न लावलं की जबाबदारी संपते, वर एक नवा कोयता तयार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि बीड-परभणीकडे हे प्रमाण याच्या कितीतरी पुढे. त्या गावांनाही आपण दुर्गम म्हणतो. साखर मात्र तिथल्या हातांनी तोडलेल्या उसाची आपल्या चहात येते. पण हा लेख केंटकीबद्दल आहे, आणि बीडबद्दल लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक तिथेच आहेत.

मराठी वाचक म्हणून आपल्याला या पुस्तकाचा सूर मात्र फार ओळखीचा वाटतो. तो लक्ष्मीबाई टिळकांचा सूर आहे. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अकराव्या वर्षी लग्न, सोवळ्याने झपाटून घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन काढणारे वडील, वाटेल तेव्हा घर सोडून निघून जाणारा लहरी, प्रतिभावान नवरा. आणि हे सगळं सांगताना बाईंचा आवाज हसरा, खोडकर, स्वतःचीच फजिती करून घेणारा. लोरेटा तशीच सांगते. पाय सोशलमध्ये, म्हणजे मुलींनी केलेल्या गोड पायांचा लिलाव आणि ज्याची बोली लागेल त्याने त्या मुलीबरोबर बसायचं अशा कार्यक्रमात, तिने साखरेऐवजी मीठ घातलेला पाय डूलिटलने विकत घेतला, ही तिची आवडती गोष्ट. दोघींचाही विनोद अस्सल. दोघींनाही कुणी लेखिका म्हणून वाढवलं नव्हतं. दोघींना अक्षरं किंवा गिटार हातात देणारा माणूस नवराच होता.

पण फरकही आहे. लक्ष्मीबाई टिळकांना माफ करा असं वाचकाला कधी सुचवत नाहीत. त्या घडलेलं ठेवतात आणि पुढच्या गमतीकडे वळतात, निवाडा तुमचा. १९७६ ची लोरेटा मात्र डूलिटलची वकिली करते. तो प्यायचा, मारायचा, बाहेर बायका होत्या, हे सांगते आणि लगेच सांगते की मीही परत मारायचे. सिनेमाने नेमकं हेच उचललं: दोघं तोडीस तोड, संसार म्हणजे कुस्ती. डूलिटल १९९६ साली गेला. त्यानंतर २००२ साली तिने ‘स्टिल वुमन इनफ’ हे दुसरं पुस्तक काढलं आणि त्यात सूर बदलला. मार, दारू, भीती यांच्याबद्दल ती जास्त मोकळेपणाने लिहिते. पहिलं पुस्तक लिहिताना तो शेजारच्या खोलीत होता, हे ध्यानात ठेवून दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत. दुर्दैवाने दुसऱ्याचा सिनेमा झाला नाही.

आणि आपण? आपणही आजीच्या लग्नाच्या गोष्टी सांगताना हसतो. ती मांडवात झोपली होती, तिला उचलून बोहल्यावर आणलं, मुंडावळ्या तिने तोडून टाकल्या. या गोष्टी आजीनेच हसत सांगितल्या होत्या, त्यामुळे आपलं हसणं बिनदोष वाटतं. आजीचं हसणं ही तिची कमाई होती. आपल्याला ते फुकटात मिळालं आहे.

सिनेमाच्या बाजूने सगळ्यात वजनदार युक्तिवाद लोरेटाचाच आहे. डू नसता तर मी गायिका झाले नसते, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. गिटार त्याने आणली, पहिली तबकडी निघाल्यावर १९६० साली गाडीत बसून रेडिओ स्टेशनांची दारं दोघांनी मिळून ठोठावली. हे खोटं नाही. पण यातून सिनेमा पाहणारा जो निष्कर्ष काढतो, म्हणजे ते लग्न झालं म्हणून ती झाली, त्याला उत्तर त्याच घरात आहे आणि सिनेमा त्याच्याकडे बघतही नाही.

लोरेटाची सगळ्यात धाकटी बहीण ब्रेंडा १९५१ साली जन्मली. ती चारेक वर्षांची असताना वेब कुटुंब केंटकी सोडून इंडियानातल्या वॉबॅशला गेलं. तेच आईबाप, तोच गळा, तीच गरिबी, फक्त मुलगी गावात वाढली आणि जवळ शाळा होती. १९७० साली ती हायस्कूल पास झाली. पुढच्या वर्षी, वीस वर्षांची असताना, तिने लग्न केलं. १९७७ साली ‘डोन्ट इट मेक माय ब्राउन आइज ब्ल्यू’ हे तिचं गाणं जगभर वाजलं. होय, क्रिस्टल गेल ती हीच. थोरल्या बहिणीने वाट करून दिली होती, नावही तिनेच सुचवलं, तेव्हा दोघींची तुलना अगदी काटेकोर नाही हे मान्य. पण गळा लग्नातून आला नव्हता, एवढं सिद्ध करायला क्रिस्टल गेल पुरेशी आहे. माझ्या मते वेब घराण्यावरचा खरा सिनेमा या दोन बहिणींचा व्हायला हवा होता. एकोणीस वर्षांचं अंतर, एक खोरं आणि एक गाव.

लोरेटाची स्वतःची खरी समीक्षा तिच्या गाण्यांत आहे. १९७५ साली तिचं ‘द पिल’ आलं: दर वर्षी बाळंत होऊन थकलेली एक ग्रामीण बाई आता गर्भनिरोधक गोळी मिळाली म्हणून नवऱ्याला सुनावते. अनेक रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. खेड्यांतले डॉक्टर आपल्याला सांगतात की त्यांच्या सगळ्या पत्रकांनी झालं नाही ते या गाण्याने झालं, असं ती मुलाखतीत सांगत असे. गाणं खट्याळ आहे, पण त्यातला हिशोब खट्याळ नाही. विशीच्या आत चार बाळंतपणं काढलेल्या बाईचा तो हिशोब आहे. सिनेमाच्या गाण्यांच्या तबकडीत हे गाणं नाही. ‘वन्स ऑन द वे’ आहे, ज्यात आणखी एक मूल वाटेवर असलेल्या गृहिणीची तारांबळ आहे. तारांबळ चालते, बंड नको, असा हा निवडीचा न्याय.

आपण अमेरिकेत राहणारे लोक या सगळ्याकडे ॲपलाचियाची जुनी गोष्ट म्हणून पाहू शकतो. तशी सोय हा देशही स्वतःला करून देतो. लोरेटाच्या लग्नाआधी अकरा वर्षं, १९३७ साली, शेजारच्या टेनेसीत नऊ वर्षांच्या मुलीचं बावीस वर्षांच्या पुरुषाशी लग्न लागलं, तेव्हा देशभरातले छायाचित्रकार डोंगर चढून आले. ओरड झाली, टेनेसीने लग्नाचं किमान वय ठरवलं, आणि बाकीच्यांनी समजूत करून घेतली की हा डोंगरातल्या अडाणी लोकांचा प्रकार आहे. इतिहासकार निकोलस सिरेट यांचं ‘अमेरिकन चाइल्ड ब्राइड’ (२०१६) हे पुस्तक ही समजूत शांतपणे मोडतं. अमेरिकेत अल्पवयीन लग्नं सगळीकडे होती, कायदेशीर होती, आणि फार उशिरापर्यंत होती. ‘अनचेन्ड ॲट लास्ट’ या संस्थेच्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१८ या काळात या देशात सुमारे तीन लाख अल्पवयीनांची लग्नं झाली, त्यात बहुतेक मुली, आणि नवरे बहुतेक सज्ञान. कुठल्याही अपवादाशिवाय अठराची अट घालणारं पहिलं राज्य डेलावेअर, तेही २०१८ साली. पाठोपाठ न्यू जर्सी. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा बदलला, पालकांची आणि न्यायाधीशाची छाननी वाढवली, पण किमान वय काही घातलं नाही. सिलिकॉन व्हॅली दुर्गम आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आणि केंटकी? तिथे २०१८ पर्यंत मुलगी गरोदर असेल तर न्यायाधीशाच्या परवानगीने ती कितीही लहान असली तरी लग्न लावता येत असे. म्हणजे जो पुरावा पोलिसांकडे जायला हवा, तोच लग्नाचा परवाना मिळवायला उपयोगी पडायचा. त्या वर्षी कायदा बदलायचा प्रस्ताव आला तेव्हा तो आधी समितीत अडला. आक्षेप हा की आईवडिलांचा अधिकार न्यायाधीशाकडे जातो. शेवटी तो मंजूर झाला: किमान वय सतरा, न्यायाधीशाची परवानगी, दोघांच्या वयात चार वर्षांहून कमी अंतर. या कायद्याखाली लोरेटाचं लग्न लागलं नसतं. तेराव्या वर्षी नाही आणि पंधराव्या वर्षीही नाही.

लोरेटा ऑक्टोबर २०२२ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी टेनेसीत हरिकेन मिल्सच्या आपल्या घरी गेली. नॅशव्हिलहून मेम्फिसकडे जाताना हे ठिकाण लागतं. तिथे तिच्या बुचर हॉलोच्या घराची प्रतिकृती उभारलेली आहे, नकली कोळशाची खाणही आहे. तुमच्यापैकी जे त्या बाजूला राहतात त्यांनी मुलांना घेऊन जायला हरकत नाही, मुलांना आवडतं. फक्त आधी घरी सिनेमा पाहा, आणि पाय सोशलचा प्रसंग आला की सिसी स्पेसेककडे बघू नका, ती तुम्हाला जिंकून घेईल. मागच्या बाकांवर बघा. तो कार्यक्रम शाळेत भरला आहे. तिथे खोऱ्यातली मोठी माणसं आहेत, शेजारी आहेत, ओळखीपाळखीचे आहेत. सगळ्यांना ती कुणाची मुलगी आहे ते माहीत आहे आणि कितवीत होती तेही. बोली चढत जाते तसे ते वळून बघतात, हसतात, आणि टाळ्या वाजवतात.